केंद्रीय वाहतूक मंत्रिपद आणि एन्नोरचे बंदर

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी ज्या खाडीतून बंगालच्या उपसागराला मिळते, त्या खाडीच्या मुखाशी एन्नोर वसले आहे. एकेकाळी मिठागरे आणि मासेमारी यांसाठी ओळखला जाणारा हा परिसर आज बंदर, औष्णिक वीजकेंद्रे आणि कारखाने यांनी वेढलेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळातील वाहतूक मंत्र्यांचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे समजून घेण्यासाठी नवी दिल्लीतील परिवहन भवनाइतकाच एन्नोरचा किनाराही उपयोगी आहे. केंद्राच्या अखत्यारीतील एक प्रमुख बंदर येथे आहे. त्याला लागूनच राज्याच्या अखत्यारीतील दुसरे बंदर आहे. बंदराकडे जाणारे रस्ते कधी एका मंत्र्याचे, तर कधी दुसऱ्याचे राहिले. आणि किनाऱ्यावर तेल पसरले त्या वेळी उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न २०१७ मध्ये येथेच ठळकपणे पुढे आला.

नावे बदलणारे खाते

भारताच्या केंद्र सरकारात ‘वाहतूक मंत्री’ या एकाच नावाचे पद सलगपणे कधीच राहिले नाही. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्र्यांची नियुक्ती करतात आणि ७७ व्या अनुच्छेदाखाली केलेल्या १९६१ च्या कामकाज वाटप नियमांनुसार कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे जाईल हे ठरते. या नियमांच्या अनुसूचीत एका आदेशाने फेरफार करता येतो. त्यामुळे वाहतुकीचे खाते कधी रेल्वेसोबत, कधी दळणवळणासोबत, कधी पर्यटन व विमान वाहतुकीसोबत जोडले गेले आणि पुन्हा वेगळे झाले.

या खात्याचा उगम दुसऱ्या महायुद्धात सापडतो. जुलै १९४२ मध्ये तत्कालीन दळणवळण विभागाचे दोन भाग करण्यात आले. त्यांपैकी एक युद्ध वाहतूक विभाग होता. बंदरे, रस्ते आणि मालाची प्राधान्याने ने-आण ही कामे त्याच्याकडे होती व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सर एडवर्ड बेंथॉल त्याचे प्रमुख होते. १९४६ च्या हंगामी सरकारात असफ अली यांच्याकडे रेल्वे व वाहतूक ही खाती आली. स्वातंत्र्यानंतर पहिले रेल्वे व वाहतूक मंत्री जॉन मथाई झाले आणि १९४८ मध्ये ते अर्थ खात्याकडे गेल्यावर एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी ही जबाबदारी घेतली.

१९५२ मध्ये हे खाते लालबहादूर शास्त्री यांच्याकडे आले. २३ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रास राज्यातील अरियलूरजवळ पुराने खचलेल्या पुलावर तुतिकोरिनकडे जाणारी गाडी कोसळून शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगर येथील अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता, मात्र पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नव्हता. या वेळी तो स्वीकारला गेला. मंत्र्याची वैयक्तिक चूक नसली तरी खात्यातील घटनेची नैतिक जबाबदारी त्याची असते, असे नेहरूंनी तेव्हा मानले. पुढे मोठा अपघात झाला की संसदेत या घटनेचा दाखला निघतो. तिचे अनुकरण मात्र क्वचितच झाले. शास्त्री १९५७ च्या निवडणुकीनंतर वाहतूक व दळणवळण मंत्री म्हणून मंत्रिमंडळात परतले, हे सहसा सांगितले जात नाही.

त्यांच्यानंतरच्या दोन नावांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९५८ मध्ये मुंबईचे सदाशिव कानोजी तथा स. का. पाटील वाहतूक व दळणवळण मंत्री झाले. मुंबई महापालिकेचे महापौरपद भूषवलेल्या पाटील यांच्याकडे पुढे अन्न व शेती आणि नंतर रेल्वे ही खातीही होती. १९५९ मध्ये त्यांची जागा पी. सुब्बरायन यांनी घेतली. मद्रास प्रांताचे पंतप्रधान राहिलेले सुब्बरायन १९६२ पर्यंत या पदावर होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

जानेवारी १९६६ मध्ये वाहतूक आणि विमान वाहतूक एका मंत्रालयाखाली आली. मार्च १९६७ मध्ये ती पुन्हा वेगळी होऊन नौवहन व वाहतूक मंत्रालय स्थापन झाले आणि त्याचे मंत्री अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव झाले. सर्वात मोठा प्रयोग राजीव गांधी यांच्या कारकिर्दीत झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये रेल्वे, विमान वाहतूक आणि भूपृष्ठ वाहतूक हे तिन्ही विभाग एकाच वाहतूक मंत्रालयात आणण्यात आले व बन्सीलाल यांच्याकडे ते सोपवण्यात आले. तत्त्वतः कल्पना चांगली होती, कारण कोळसा खाणीतून रेल्वेने निघतो, जहाजात चढतो आणि पुन्हा जमिनीवर उतरतो. त्याला खात्यांच्या भिंती ठाऊक नसतात. परंतु वर्षभरातच, ऑक्टोबर १९८६ मध्ये, भूपृष्ठ वाहतुकीचे स्वतंत्र मंत्रालय करण्यात आले. तिन्ही खाती एका छताखाली आणण्याचा तसा प्रयत्न त्यानंतर झालेला नाही.

भूपृष्ठ वाहतूक हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले ते याच काळात. मोटार वाहन कायदा (१९८८), राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा (१९८८) हे याच मंत्रालयाने आणले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले तेही याच मंत्रालयाच्या काळात. १७ नोव्हेंबर २००० रोजी या मंत्रालयाचे रस्ते वाहतूक व महामार्ग आणि नौवहन असे दोन भाग झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये ते पुन्हा एक झाले, २००९ मध्ये पुन्हा दोन. नोव्हेंबर २०२० मध्ये नौवहन मंत्रालयाला बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालय असे नाव मिळाले. मराठी वृत्तपत्रे या खात्याला बराच काळ ‘जहाजबांधणी मंत्रालय’ म्हणत आली. जहाजबांधणी हा त्यातील एक विषय आहे, हे खरे; पण खात्याचे मुख्य काम बंदरांचे आणि सागरी वाहतुकीचे नियमन हे असल्याने ते नाव दिशाभूल करणारेच होते.

मंत्र्यांच्या हाती काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत बंदरांची विभागणी आहे. कायद्याने ‘प्रमुख बंदर’ म्हणून घोषित झालेली बंदरे केंद्रसूचीत येतात. उरलेली सर्व बंदरे समवर्ती सूचीत असून व्यवहारात त्यांचा कारभार राज्य सरकारे आणि त्यांची सागरी मंडळे पाहतात. लहान बंदर आणि प्रमुख बंदर हा फरक आकाराचा नाही. गुजरातमधील मुंद्रा हे खासगी बंदर मालाच्या उलाढालीत अनेक प्रमुख बंदरांच्या पुढे आहे, तरी कायद्याच्या भाषेत ते प्रमुख नाही. बंदर कोणत्या सरकारला उत्तरदायी आहे, एवढेच या शब्दातून कळते.

प्रमुख बंदरांचा कारभार १९६३ च्या कायद्याप्रमाणे विश्वस्त मंडळांकडे होता. मंडळावर जहाज कंपन्या, व्यापारी, कामगार आणि सरकारी खाती यांचे प्रतिनिधी असत. अध्यक्षांची नेमणूक, मोठ्या खर्चाला मंजुरी आणि धोरणात्मक निर्देश हे अधिकार केंद्र सरकारचे, म्हणजेच मंत्र्यांचे होते. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याने विश्वस्त मंडळांच्या जागी प्राधिकरणे आली आणि दर ठरवण्याचा अधिकार त्या त्या बंदराच्या मंडळाकडे गेला. हा कायदा अकरा बंदरांना लागू आहे. प्रमुख बंदरे मात्र बारा आहेत. बारावे बंदर एन्नोरचे.

महामार्गांबाबत मंत्र्यांचा अधिकार अधिक थेट आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे आहेत व त्यांच्यासाठी इंधनावरील उपकरातून निधी येतो. गाड्यांची नोंदणी, परवाने आणि वाहतूक पोलीस ही कामे मात्र राज्यांची आहेत. म्हणूनच २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले, तेव्हा त्यांची अंमलबजावणी करायची की नाही, किती करायची, यावर राज्यांनी आपापले निर्णय घेतले. केंद्रात त्या वेळी मंत्री होते नागपूरचे नितीन गडकरी. २०१४, २०१९ व २०२४ अशा तिन्ही मंत्रिमंडळांत रस्ते वाहतूक व महामार्ग खाते त्यांच्याकडे आले. त्यांपैकी २०१४ ते २०१९ या काळात नौवहन खातेही त्यांच्याकडे होते, त्यामुळे ती पाच वर्षे रस्ते आणि बंदरे एकाच मंत्र्याच्या हाती राहिली.

बारावे बंदर

एन्नोरच्या बंदराची कल्पना कोळशातून निघाली. तमिळनाडूच्या वीजकेंद्रांना लागणारा कोळसा ओडिशातील खाणींतून रेल्वेने पारादीप व विशाखापट्टणमपर्यंत आणि तेथून जहाजाने मद्रास बंदरात येत असे. मद्रास बंदर भर शहरात आहे. कोळशाची धूळ, ट्रकांच्या रांगा आणि जागेची टंचाई यांमुळे उत्तरेला पर्यायी बंदर उभारण्याचे ठरले. मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी जसे न्हावाशेवा, तसेच मद्रास बंदरासाठी एन्नोर. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून काम सुरू झाले. मोकळ्या समुद्रात दोन लाटरोधक भिंती उभारण्यात आल्या. त्यांपैकी उत्तरेकडील भिंत तीन किलोमीटरहून अधिक लांबीची आहे, तर दक्षिणेकडील सुमारे एक किलोमीटरची. आरंभीचे दोन धक्के राज्य वीज मंडळाच्या कोळशासाठी होते.

या प्रवासातील प्रत्येक टप्प्याला मंत्री वेगळा होता. मार्च १९९९ मध्ये एन्नोरला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला, तेव्हा अण्णा द्रमुकचे एम. थंबीदुराई भूपृष्ठ वाहतूक मंत्री होते. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पक्षाने वाजपेयी सरकारचा पाठिंबा काढून घेतला. ऑक्टोबर १९९९ मध्ये एन्नोर पोर्ट लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. नव्या मंत्रिमंडळात हे खाते आधी नितीशकुमार यांच्याकडे होते. २२ नोव्हेंबर रोजी ते राजनाथ सिंह यांच्याकडे गेले. १ फेब्रुवारी २००१ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी बंदर राष्ट्राला अर्पण केले. गुजरातमधील भूकंपाला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. जून २००१ मध्ये व्यापारी वाहतूक सुरू झाली, त्या वेळी नौवहन खाते अरुण जेटली यांच्याकडे होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी मुंबईचे वेदप्रकाश गोयल आले आणि जानेवारी २००३ मध्ये गोयल यांच्या जागी अभिनेते शत्रुघ्न सिन्हा. एवढ्या थोड्या काळात एवढे खांदेपालट होऊनही बंदर पूर्ण झाले, याचे श्रेय मंत्र्यांपेक्षा अभियंते आणि सचिवालय यांना अधिक जाते.

आघाडी सरकारांच्या काळात हे खाते तमिळनाडूच्या पक्षांना विशेष महत्त्वाचे वाटू लागले. १९९६ मध्ये द्रमुकचे टी. जी. वेंकटरामन भूपृष्ठ वाहतूक मंत्री झाले आणि त्यांच्यानंतर थंबीदुराई. मे २००४ मध्ये नौवहन खाते आधी तेलंगणा राष्ट्र समितीचे के. चंद्रशेखर राव यांना देण्यात आले होते. द्रमुकने आग्रह धरल्यावर त्यांनी ते काही दिवसांतच सोडले आणि रस्ते व नौवहन ही दोन्ही खाती टी. आर. बालू यांच्याकडे गेली. बालू यांची कारकीर्द सेतुसमुद्रम कालव्यासाठी लक्षात राहिली. जुलै २००५ मध्ये मदुराई येथे त्या प्रकल्पाचे उद्‌घाटन झाले आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात तो अडकला. २००९ ते २०१४ या काळात काँग्रेसचे जी. के. वासन नौवहन मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, २०१४ च्या प्रारंभी, एन्नोर पोर्ट लिमिटेडचे नाव कामराजर पोर्ट लिमिटेड असे बदलण्यात आले. के. कामराज यांच्या राजकीय परंपरेशी वासन यांच्या घराण्याचे नाते जुने आहे. त्यांचे वडील जी. के. मूपनार हे कामराज यांचे निष्ठावान सहकारी होते.

एन्नोरची खरी वेगळी बाब म्हणजे त्याचे कंपनीरूप. विश्वस्त मंडळाऐवजी कंपनी कायद्याखाली स्थापन झालेले देशातील हे पहिले प्रमुख बंदर. भांडवलाचा दोन-तृतीयांश हिस्सा केंद्र सरकारचा आणि एक-तृतीयांश चेन्नई बंदर विश्वस्त मंडळाचा होता. बंदराने जमीन व मूलभूत सुविधा पुरवायच्या आणि धक्के खासगी किंवा सरकारी कंपन्यांनी चालवायचे, अशी पद्धत येथे आरंभापासून ठेवण्यात आली. कोळशाखेरीज द्रवरूप माल, मोटारींची निर्यात आणि कंटेनर यांचीही वाहतूक पुढे सुरू झाली. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने चेन्नई बंदरातील कोळसा व लोहखनिजाची हाताळणी बंद झाल्यावर एन्नोरचे महत्त्व आणखी वाढले. ६ मार्च २०१९ रोजी इंडियन ऑइलच्या द्रवरूप नैसर्गिक वायू केंद्राचे उद्‌घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्या केंद्राची क्षमता वर्षाला ५० लाख टनांची आहे.

मार्च २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी सुरू असतानाच, केंद्राने आपला हिस्सा चेन्नई बंदराला सुमारे २,३८३ कोटी रुपयांना विकला. निर्गुंतवणुकीच्या हिशेबात ही रक्कम जमा झाली. सरकारचेच एक बंदर सरकारच्याच दुसऱ्या बंदराने विकत घेतले, इतकाच त्याचा व्यावहारिक अर्थ होता. पण मंत्री आणि एन्नोर यांच्यातील अंतर त्यामुळे एका पायरीने वाढले. पूर्वी सरकार थेट भागधारक होते. आता चेन्नई बंदर हे मालक आणि त्या बंदरावर मंत्रालयाचे नियंत्रण, अशी रचना आहे.

संसदेच्या कामकाजावर याचा परिणाम होतो. सरकारी कंपन्यांच्या दैनंदिन कारभाराविषयीचे प्रश्न लोकसभेत सर्वसाधारणपणे स्वीकारले जात नाहीत. धोरणाचे प्रश्न स्वीकारले जातात. एन्नोरच्या धक्क्यावर काय चालते, यापैकी दैनंदिन कोणते आणि धोरणाचे कोणते, याची सीमारेषा ठरवणे सोपे नाही.

वाळू, खाडी आणि कोळीवाडे

कोरोमंडल किनाऱ्यावर वाळूचे वहन वर्षभराच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे होते. समुद्रात आडवी भिंत घातली की तिच्या दक्षिणेला वाळू साचते आणि उत्तरेचा किनारा झिजतो. मद्रास बंदर बांधले गेल्यावर त्याच्या दक्षिणेस मरीनाचा किनारा रुंदावला आणि उत्तरेस रोयापुरमची धूप सुरू झाली, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. एन्नोरचे बंदर खाडीच्या मुखाच्या उत्तरेला असल्याने येथे साचणारी वाळू मुखापाशीच येते. मुख अरुंद झाले की भरतीचे पाणी आत येत नाही आणि आतले पाणी वाहून जात नाही. वाळू उपसत राहावी लागते.

काट्टुकुप्पम, मुगत्वारकुप्पम अशा वस्त्यांतील मच्छीमार कोळंबी, खेकडे आणि मासळीसाठी याच खाडीवर अवलंबून आहेत. वीजकेंद्राची राख वाहून नेणाऱ्या नळांतून झालेली गळती, खाडीपात्रातील भराव आणि गरम पाणी यांविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत दाद मागितली. यांतील बहुतेक तक्रारी वाहतूक खात्याच्या नाहीत. राख राज्य वीज महामंडळाची, भरावाची परवानगी पर्यावरण खात्याची, पात्र राज्याच्या जलसंपदा विभागाचे, बंदराचा धक्का केंद्राचा. मच्छीमाराच्या जाळ्यात मात्र या सर्वांचा परिणाम एकदमच येतो.

२८ जानेवारी २०१७ च्या पहाटे हा गुंता देशाने पाहिला. कामराजर बंदराजवळ बीडब्ल्यू मेपल हे बाहेर पडणारे वायुवाहू जहाज आणि डॉन कांचीपुरम हे आत येणारे तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली. तेलगळतीने पर्यावरणाची हानी झालेली नाही, असे बंदराच्या बाजूने आरंभी सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी काळा, चिकट थर किनाऱ्यावर दिसू लागला. सुरुवातीचे अंदाज अगदी थोड्या टनांचे होते. पुढे हा आकडा दोनशे टनांच्या वर गेला. तटरक्षक दल, राज्य सरकारचे कर्मचारी, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि स्वयंसेवक बादल्यांनी तेल उपसत असल्याची दृश्ये कित्येक दिवस दूरचित्रवाणीवर दिसत होती. तेलासाठी नेलेले पंप दाट थरापुढे निरुपयोगी ठरले होते. उत्तर चेन्नईतील मासळी विकली जाईना.

त्या वेळी गडकरी नौवहन मंत्री होते आणि राज्यमंत्री पोन राधाकृष्णन तमिळनाडूचेच होते. राधाकृष्णन यांनी किनाऱ्याची पाहणी केली. अपघाताची चौकशी नौवहन महासंचालनालयाकडे गेली. मुंबईत मुख्यालय असलेले हे कार्यालय जहाजांची सुरक्षितता, खलाशांची प्रमाणपत्रे आणि अपघातांची चौकशी पाहते. समुद्रातील तेल रोखण्याची जबाबदारी तटरक्षक दलाची, म्हणजे संरक्षण मंत्रालयाची. किनारा स्वच्छ करण्याची जबाबदारी राज्याची. गुन्हा नोंदवण्याचे काम स्थानिक पोलिसांचे. मंत्र्यांकडे चौकशीचे आदेश, बंदराची सज्जता आणि जहाजांच्या विम्यातून भरपाई मिळवण्यासाठी समन्वय एवढे उरत होते. त्यांपैकी सज्जतेचा प्रश्न सर्वात अवघड होता, कारण टक्कर बंदराच्या दाराशीच झाली होती.

मुंबईकरांना हे दृश्य नवे नव्हते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या प्रवेशमार्गावर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन चित्रावरील कंटेनर समुद्रात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरले आणि मुंबई व न्हावाशेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद राहिली. साडेसहा वर्षांनंतर एन्नोरला वापरलेली साधने पाहता मुंबईच्या अनुभवातून फारसे काही शिकले गेल्याचे दिसले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणली औद्योगिक परिसरातून तेल एन्नोरच्या खाडीत उतरले. त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री एका खत कारखान्याच्या समुद्राखालील वाहिनीतून अमोनिया वायूची गळती होऊन अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दोन्ही घटनांत जहाज नव्हते. त्यामुळे नौवहन मंत्रालयाचा थेट संबंधही नव्हता.

शेजारचे बंदर, मधले रस्ते

कामराजर बंदराच्या उत्तरेला लागून काट्टुपल्ली बंदर आहे. ते लार्सन अँड टुब्रो कंपनीने जहाजबांधणी केंद्रासह उभारले, २०१३ मध्ये कंटेनर वाहतूक सुरू केली आणि २०१८ मध्ये अदानी समूहाने ते विकत घेतले. ते राज्याच्या सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. दोन्ही बंदरांना एकच समुद्र, तीच वाळू आणि तोच रस्ता आहे. तरीही एकाच्या विस्ताराचा प्रस्ताव दिल्लीतील मंत्रालयातून जातो, तर दुसऱ्याचा चेन्नईतील सचिवालयातून. संसदेने २०२५ मध्ये १९०८ च्या बंदर कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि केंद्र व राज्ये यांच्यातील समन्वयासाठी सागरी राज्य विकास परिषदेला वैधानिक स्थान दिले. राज्यांचे अधिकार कमी होतात काय, यावर संसदेत टीकाही झाली.

रस्त्यांची कथा अधिक लांबलेली आहे. चेन्नई बंदर ते मदुरवायल या उन्नत मार्गाचे भूमिपूजन जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. रस्ते आणि बंदरे दोन्ही खाती त्या वेळी बालू यांच्याकडेच होती. २०१२ मध्ये कूवम नदीच्या पात्रातील खांबांना आक्षेप घेऊन जयललिता यांच्या सरकारने काम थांबवले. अर्धवट खांब दशकभर तसेच उभे राहिले. मे २०२२ मध्ये नव्या दुमजली आराखड्याचे भूमिपूजन पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते झाले, तेव्हा रस्ते गडकरींकडे, बंदरे सर्बानंद सोनोवाल यांच्याकडे आणि राज्यात द्रमुकचे सरकार होते. एका मंत्र्याकडे दोन्ही खाती असताना जे अडले, ते दोन मंत्र्यांच्या काळात पुढे सरकले. निर्णायक ठरली ती राज्याची संमती.

एन्नोरमध्येच अशोक लेलँडचा मूळ कारखाना आहे. १९४८ मध्ये अशोक मोटर्स या नावाने सुरू झालेल्या या कंपनीच्या गाड्या महाराष्ट्रातील एस. टी. च्या ताफ्यातही दीर्घकाळ धावत आहेत. वाहनांच्या प्रदूषणाची मानके आणि चॅसीचे नियम रस्ते वाहतूक मंत्रालय अधिसूचित करते. त्यामुळे परिवहन भवनातील निर्णयाचा परिणाम एन्नोरच्या धक्क्यावर आणि कारखान्यातही होतो.

महाराष्ट्रासाठी एन्नोरचा अनुभव आता जवळचा झाला आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळ वाढवण येथे नवे प्रमुख बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. अंदाजित खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झाले. एन्नोरप्रमाणेच तेथेही कंपनी आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. म्हणजे एन्नोरला सुरुवातीपासून नसलेली राज्याची भागीदारी वाढवणला आहे. १९९८ मध्ये याच ठिकाणच्या बंदराचा प्रस्ताव न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह ना-हरकत दिली. मच्छीमार संघटनांचा विरोध कायम राहिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मासेमारीचे क्षेत्र किती घटेल, भरपाई कोणाला आणि कोणत्या नोंदींच्या आधारे मिळेल, भरावासाठी वाळू कोठून उपसायची, हे तेथील प्रश्न आहेत. त्यांपैकी भरपाईच्या नोंदी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतात, वाळूची परवानगी पर्यावरण खात्याकडून मिळते, आणि बंदराच्या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा ज्या प्राधिकरणाकडे आहे ते केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्र्यांच्या अखत्यारीत येते.